बहुमताने नसलेली वाट

महांतप्पाच्या शेताला जायला वाट होती की नव्हती, याचा निकाल दिवाळी झाल्यावर मोबाईलवर लागला. नव्हती. बहुमत दणदणीत होतं.

त्याआधी ती होती. महांतप्पाचा आजा त्या वाटेनं बैलगाडी न्यायचा, बाप न्यायचा, आणि महांतप्पानं दरसाल त्याच वाटेनं ऊस बाहेर काढला होता. वाटेच्या दोन्ही अंगांचं रान बंडप्पानं विकत घेतलं तेव्हा ती मधोमध आली. बंडप्पा आमच्या गावचा उपसरपंच. माणूस वाईट नाही. त्याला सलग रान आवडतं, एवढंच. सोयाबीन निघाल्यावर त्यानं नांगर घातला. ट्रॅक्टरवाला वाटेपाशी थांबला आणि वळून बघू लागला. बंडप्पानं हातानंच सरळ जायची खूण केली. मग त्या सगळ्यात करडई पेरली, आणि वाट जिथं डांबरी सडकेला लागते तिथं जेसीबीनं मांडीइतका खोल चर मारून घेतला. पावसाचं पाणी जायला, म्हणाला. पाऊस तेव्हा निघून गेला होता.

महांतप्पा लोहाऱ्याला तहसिलीत जाऊन तक्रार देऊन आला. तिथल्या साहेबांनी रीतीप्रमाणं गावाचं म्हणणं मागवलं. म्हणणं काढायला ग्रामसभा बोलावली, तिला कोरम भरला नाही. आमच्याकडं कोरम भरत नसतोच, तो भरल्याचं लिहितात. पण विषय भांडणाचा होता म्हणून ग्रामसेवकाला तसं लिहवेना. तेव्हा बंडप्पाचा पोरगा शिवपुत्र पुढं झाला. धाराशिवला कॉलेज करून आलेला, गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिन. त्यानं ग्रुपवर प्रश्न टाकला: महांतप्पा यांच्या शेताकडे पूर्वीपासून गाडीवाट आहे का? खाली दोन पर्याय, होय आणि नाही.

संध्याकाळपर्यंत गावानं मत दिलं. पुण्यात कंपनीत असणाऱ्यांनी दिलं, सौदीत क्रेन चालवणाऱ्या एकानं दिलं. ग्रुपवर गावचे काही जावईही आहेत. ते पहिल्या दिवाळसणाला येऊन गेले ते परत फिरकले नाहीत, पण त्यांचंही वाटेबद्दल मत होतं. एकानं निकालाखाली टाळ्या टाकल्या, एकानं कुणाला तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या.

एखादी गोष्ट करावी की करू नये, हे बहुमतानं ठरवतात इथवर आमचं शिक्षण झालेलं होतं. ती आहे की नाही हेही तसंच ठरवता येतं, ही पुढची इयत्ता. पूर्वी गावात कुणावर अन्याय करायचा तर पाटलाला स्वतः उठून यावं लागायचं. ग्रामसभेत हात वर करायचा तर सदरा काखेत फाटलाय का, याचा तरी विचार व्हायचा. आता अंगठा पुरतो, तोही पांघरुणातून. आणि एकट्यानं वाईट केलं तर त्याच्या दारात जाऊन बसता येतं. बहुमताला दारच नसतं.

महांतप्पाचा फोन बटणाचा. त्याला निकाल दाखवला रसूलनं. रसूल ट्रॅक्टरवाला, दर हंगामात महांतप्पाचा ऊस कारखान्याला वाहणारा. पारावर बसून त्यानं स्क्रीन महांतप्पाच्या डोळ्यांपुढं धरली.

"ही लांब पट्टी न्हायवाल्यांची. ही बारकी व्हयवाल्यांची."

"बारक्यात कोण कोण हाय?"

रसूलनं बोट सरकवलं. "म्या हाय. पोस्टमन हाय. अन् एक नंबर हाय, नाव न्हाय त्याला."

"अन् न्हायवाल्यात?"

"ते सोडा अप्पा. लई हायत."

पण महांतप्पानं फोन हातात घेतला. वाचायला त्याला वेळ लागत होता, पण नावं ओळखीची होती. बराच खाली गेल्यावर तो थांबला. पोराचं नाव होतं. गौरीशंकर, पुण्यात टॅक्सी चालवणारा, त्याचा एकुलता एक.

घरी त्याच्या बायकोनं, महानंदानं, पोराला फोन लावला. भाकरी थापता थापता तिनं तो स्पीकरवर ठेवला होता, पिठाचा हात लागू नये म्हणून.

"शंकऱ्या, तू वाट न्हाय म्हनलास व्हय रं?"

"कसली वाट अव्वा?"

"आपली. शेताची."

पलीकडं हॉर्न वाजत होते. मग ते थांबले. त्यानं गाडी कडेला घेतली असावी.

"ते आपलं होतं का? अव्वा, सिग्नलला होतो म्या. सगळेच दाबायले होते, म्या बी दाबलं."

"वाचलं न्हाईस?"

"दिवसात तीनशे मेसेज येतेत त्यावर. कोण वाचतंय?"

महानंदानं भाकरी तव्यात टाकली. "जेवलास का?" तिनं विचारलं.

"अप्पा हायत का तिथं?"

"हायत. म्हशीकडं गेलेत." महांतप्पा तिच्याशेजारी पाटावर बसला होता.

शेतात जायला आता बांध उरला. बंडप्पाचा बांध रुंद नव्हता. एक पाय ठेवला की दुसऱ्याला जागा शोधावी लागे. महानंदा त्याच्यावरून म्हशीच्या वैरणीचा भारा डोक्यावर घेऊन यायची, मान ताठ, डोळे खाली, आणि दोन्ही हातांनी भारा धरलेला, म्हणून पदर सुटला तरी सुटलेलाच. महांतप्पाचा उजवा गुडघा गेलेला. तो बांधावरून आडवा चालायचा, खेकड्यासारखा.

अशातच विहिरीतली मोटार जळाली. एरवी गाडीत घालून नेली असती. रसूल आणि तो, दोघांनी ती बाहेर ओढली, दोरीनं बल्लीला बांधली, आणि बल्ली खांद्यावर घेऊन बांधावरनं निघाले. पुढं रसूल, मागं महांतप्पा. मोटार मधे झोके घेत होती आणि प्रत्येक झोक्याला मागच्या खांद्यावर जास्त वजन टाकत होती. अर्ध्यात गुडघा वळला. महांतप्पा खाली बसला तो सरळ करडईत, आणि मोटार त्याच्या मांडीला घासून गेली.

बंडप्पा त्याच्या गोठ्यापाशी उभा होता. तिथूनच म्हणाला, "अप्पा, जपून. पीक हाय खाली."

महांतप्पानं करडईची मोडलेली दोन रोपं उचलली, ती कुठं ठेवावीत कळेना, म्हणून बांधावर नीट शेजारी शेजारी ठेवली. करडई काट्यावर आली होती. त्याच्या पंज्यात कुसं गेली ती महानंदानं रात्री सुईनं काढली.

पण त्या दिवशी खाली बसल्यामुळं महांतप्पाला एक दिसलं, जे उभ्यानं दिसत नव्हतं. सगळ्या रानात करडई गच्च होती, फक्त मधून एक पट्टा विरळ होता. गाडीच्या दोन चाकोऱ्या जशा जायच्या तशाच दोन रेघा, तिथं तर उगवलंच नव्हतं. इतक्या वर्षांची दाबलेली जमीन. एका नांगरटीत कुठं भुसभुशीत होते. मातीला ग्रुपवर घेतलेलं नव्हतं, त्यामुळं निकाल तिच्यापर्यंत पोचला नव्हता.

त्यानं हे महानंदाला सांगितलं. ती म्हणाली, "हात हलवू नका. कुस मोडंल आत."

मार्गशीर्ष संपत आला आणि ऊसतोड टोळीचा मुकादम ऊस बघायला आला. शेजारच्या शिवारात त्याचा फड चालू होता. उसाला तुरे आले होते. त्यानं एक कांडं मोडलं, चावलं, चोथा थुंकला.

"माल चांगला हाय. ट्रॅक्टर कुठनं आणायचा?"

महांतप्पानं हात केला त्या दिशेला चर होता, त्याच्या पलीकडं सडक, अलीकडं सगळी करडई.

"मोळ्या डोक्यावर सडकंपतूर न्हेणार न्हाईत आमची माणसं," मुकादम म्हणाला. "आधीच सांगतो, मागनं वाद नको. येळवशीची अमावास्या करतो इथं. दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर आत आला तर कोयता लावतो. न्हायतर आमी पुढल्या गावाला. मग तुमाला दुसरी टोळी उन्हाळ्यात मिळंल, मिळाली तर."

उन्हाळ्यात तुरे आलेला ऊस म्हणजे पाचट. वर्षाचं पाणी, वर्षाची कंबर, सगळं वाळून जाणार. आणि लोहाऱ्याची तारीख होती गुढीपाडव्यानंतरची.

त्या संध्याकाळी महांतप्पा दारात बसून राहिला. महानंदा तुरीच्या शेंगा सोलत होती.

"यंदा येळवशीला गावाला बोलवायचं," ती म्हणाली.

"कुठं?"

"आपल्या शेतात. सगळ्यांना."

"अगं, गावानं तर वाट न्हाय म्हनलंय."

"व्हय. म्हणून तर बोलवायचं."

महांतप्पानं तिच्याकडं बघितलं. ती शेंगांतून मान वर काढेना. मग तो म्हणाला, "आंबिलीला ताक पुरंल का येवढं?"

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावास्या. लातूर-धाराशिवकडं त्या दिवशी गावात कुत्रं उरत नाही. सगळं गाव शेतात. कडब्याची कोप, म्हणजे खोपी, करायची, त्यात चुना लावलेले पाच दगड पूजायचे, ताकातली आंबील, भाज्या-शेंगांची भज्जी, बाजरीचे उंडे आणि खीर खायची. आणि दोन रीती. बोलावणं आलं तर नाही म्हणायचं नाही, एक घास का होईना जाऊन खायचा. आणि त्या दिवशी आपल्या रानात ज्याचा पाय पडेल, तो कोणी का असेना, त्याला हाकलायचं नाही. हाक मारून जेवू घालायचं. ह्या रीती कुणी ठराव करून आणल्या नाहीत. म्हणून बहुधा टिकल्यात.

महानंदा घरोघर गेली. लिंगायताच्या, मराठ्याच्या, मातंगाच्या, मुसलमानाच्या. प्रत्येक दारात तेच वाक्य. "येळवशीला आमच्या शेताला यायचं बरं का. आंबील प्यायला." लोक आधी तिच्याकडं, मग जमिनीकडं बघत आणि "येतो की" म्हणत. नाही म्हणायची सोय नव्हती.

सरपंच हरणाबाई अंगणात ज्वारी पाखडत होत्या. त्यांना महिला राखीव जागेवर निवडून आणलं होतं. कारभार बंडप्पा बघायचा, त्या सह्या करायच्या.

"माझ्यावर राग धरू नको गं," त्या म्हणाल्या. "म्या मत दिलंच न्हाय. माझा फोन बी बटनाचाच हाय."

"ग्रुपवर न्हाईत तुमी?"

"सरपंच हाय म्या. मला कोण घेतंय ग्रुपवर?"

शेवटी ती बंडप्पाच्या दारात गेली. बंडप्पा ओट्यावर दाढी करत होता. अर्ध्या गालाला साबण.

"भाऊजी, येळवशीला यायचं. घरच्यांना घेऊन."

बंडप्पाचा वस्तरा थांबला. त्याच्या काहीतरी लक्षात आलं असावं, पण काय ते नेमकं कळत नसावं. "येऊ की वैनी," तो म्हणाला. दुसरं काय म्हणणार होता.

येळवशीच्या सकाळी धुकं होतं. महांतप्पा आणि महानंदा पहाटेच बांधावरनं सामान नेऊन मोकळे झाले होते. दिवस कासराभर वर आला आणि सडकेवर पहिली गाडी थांबली. ती पुण्याची होती. येळवशीला पुण्याची पोरं हटकून येतात. दिवाळी चुकवतात, येळवस नाही. आतून फोन आला.

"मावशी, तुमच्या शेताला वाट कुठनं हाय?"

"आपली न्हेमीचीच," महानंदा म्हणाली आणि भज्जी ढवळू लागली.

तोवर मागं आणखी गाड्या लागल्या. मोटारसायकली, दोन रिक्षा, रसूलची ट्रॉली भरून बायका आणि म्हातारी माणसं. पुढं चर. उतरून चालत गेलं असतं तर चाललं असतं, पण पुण्याला राहणाऱ्या माणसाला चालायला वेगळी बाग आणि वेगळे बूट लागतात. शिवाय भज्जीचा वास सडकेपर्यंत येत होता.

"कुणी खणलं रं हे?" एकानं विचारलं.

गौरीशंकर त्याच्या टॅक्सीतून उतरला, चरातून पलीकडं गेला, आणि तडक कोपीपाशी आईसमोर येऊन उभा राहिला.

"फावडं कुठाय?"

"कोपीच्या मागं."

तो फावडं घेऊन परत गेला आणि चरात ढेकळं लोटू लागला. मग दुसरा उतरला, मग ज्यानं निकालाखाली टाळ्या टाकल्या होत्या तो उतरला. त्याची पँट पांढरी होती. बाभळीच्या फांद्या आल्या, माती आली, पोरांनी वर उड्या मारून दाबली. पहिली गाडी हळूच उतरली आणि वर चढली. पुढं कसं जायचं हे सांगायला लागलं नाही. करडईतून टक्कल पडल्यासारखा पट्टा सरळ महांतप्पाच्या उसापर्यंत दिसत होता. गाड्या त्यावरून एकामागं एक आल्या.

त्या पट्ट्याच्या काठालाच बंडप्पाची कोप होती. रान घेतल्यापासून त्यानं ती तिथंच घातलेली. आता त्याच्या डोळ्यांदेखत गाव त्याच्या करडईतून जात होतं आणि तो कोपीच्या तोंडाशी शाल पांघरून उभा होता. आज त्याच्या रानात ज्याचा पाय पडला होता त्या प्रत्येकाला हाक मारणं भाग होतं.

"या. आंबील प्या," तो पहिल्या गाडीला म्हणाला.

गाडी थांबली. लोक उतरले, आंबील प्याले, खीर चाखली, पुढं गेले. दुसरी थांबली. "या, आंबील प्या." रसूलची ट्रॉली थांबली. त्यातून अजीजाबी, त्याची म्हातारी आई, दोघांच्या आधारानं उतरली आणि म्हणाली, "बंडप्पा, तेरी आंबील अच्छी हय बाबा, खट्टी हय. और डाल." बंडप्पानं घातली. त्याची बायको मागून कुजबुजली, "अवो, आंबिलीची बिंदगी तळाला आली." तो म्हणाला, "पाणी घाल."

दुपारपर्यंत बंडप्पाच्या घरची आंबील संपली, उंडे संपले. गावातले निम्मे लोक आधी त्याच्याकडं आणि मग महांतप्पाकडं जेवले, आणि परत जाताना पुन्हा त्याच्या कोपीपाशी थांबले, कारण परत जातानाही त्याच्याच रानात पाय होता. शेवटी तो स्वतःच बायको-पोराला घेऊन महांतप्पाच्या कोपीकडं जेवायला आला. उपाशी होता. शिवपुत्रनं त्याच वाटेनं मोटारसायकल आणली.

महानंदानं बंडप्पाला भज्जी वाढली. त्यानं उंडा कुस्करला, बराच वेळ खाल्लं. मग म्हणाला, "वैनी, तुमी शिकलेल्या असता तर अवघड झालं असतं."

"आणखी वाढू का?"

"वाढा."

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत टोळी उसात शिरली. दवानं भिजलेलं पाचट, कोयत्यांचा कचकच आवाज, बायकांच्या डोक्यावर मोळ्या. रसूल ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या घेऊन थेट आत आला. कालच्या चाकांनी पट्टा असा दाबला होता की करडई कुठं होती हे सांगावं लागलं असतं. दुपार कलली तेव्हा दोन्ही ट्रॉल्या शिगोशीग भरल्या. महांतप्पा मागून चालत होता, गुडघ्यावर हात ठेवून.

चरापाशी मागच्या ट्रॉलीचं चाक खचलं. बाभळीच्या फांद्या कडकडून बसल्या आणि ट्रॉली डावीकडं झुकली. डावीकडं बंडप्पाची चांगली, गच्च करडई होती. उसाच्या वरच्या मोळ्या सरकायला लागल्या. रसूलनं ब्रेक दाबून मान बाहेर काढली. "चाकाखाली कायतरी द्या. हालवलं तर पालथी व्हतीय."

बंडप्पा गोठ्यापाशी होता. तो पळत आला. त्या वयात त्याला पळताना गावानं बऱ्याच दिवसांनी बघितलं. वाटेत आपल्याच बांधावरचा एक दगड उचलून पोटाशी धरला, धापा टाकत चाकाखाली घातला. परत गेला, दुसरा आणला. महांतप्पा गुडघा विसरून दगड आणू लागला, टोळीतल्या बाया आणू लागल्या. बंडप्पाचा बांध तेवढ्यापुरता ठेंगणा झाला. रसूलनं गिअर टाकला. चाक दगडावर चढलं, ट्रॉली सरळ झाली आणि ऊस डांबरी सडकेला लागला.

धूर निवळला. बंडप्पाच्या सदऱ्याला माती, बोटाला रक्त.

"हे तुमचा ऊस निघंस्तवर," तो म्हणाला. "मग चर उकरून काढणार म्या. गावाचा निकाल हाय."

"काढा की," महानंदा म्हणाली. "पण खोडवा ठेवलाय आमी. पुढल्या साली बी ऊस हाय."

बंडप्पानं बोटाचं रक्त सदऱ्याला पुसलं. चराकडं बघत राहिला. मग खाली वाकला आणि एका मोठ्या दगडाला हात लावून महांतप्पाला म्हणाला, "ह्याला तिकडनं धरा जरा. उलटा बसलाय. असा ठेवला तर एका पावसात निघून जाईल."